क्लब फिटिंग: आधी लांबी आणि वजन, शाफ्टवरचं अक्षर नंतर

गोल्फचे क्लब आपल्या मापाने जुळवून घ्यायला, म्हणजे क्लब फिटिंगला, जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘मला रेग्युलर शाफ्ट लागेल की स्टिफ?’ शाफ्ट म्हणजे क्लबची दांडी; ती किती ताठ आहे ते आर (रेग्युलर), एस (स्टिफ) अशा अक्षरांनी तिच्यावर लिहिलेलं असतं. खरं तर हा सातव्या पायरीवरचा प्रश्न आहे. आधीच्या सहा पायऱ्या गाळून थेट तिथे उडी मारली की पुढचं सगळं विस्कटतं. लांबी चुकीची असतानाच शाफ्ट निवडला जातो, शाफ्ट ठरण्याआधी लाय (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) वाकवून घेतली जाते आणि थोड्याच दिवसांत नवा संच जुन्याइतकाच बेभरवशाचा वाटू लागतो. फिटर चांगला असला तरी कशानंतर काय तपासायचं हे आपल्यालाही माहीत हवं. नाहीतर समोर फटका मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर जो आकडा मोठा दिसेल त्यालाच आपण मान डोलावतो.

खालच्या सगळ्या दिशा उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी त्या उलट वाचाव्यात.

१. हातात आहेत ते क्लब मोजा

फिटिंगला जाताना जुने क्लब घरी ठेवून जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. नवा क्लब कशापेक्षा चांगला, हे ठरवायला काहीतरी समोर हवं ना!

निदान ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) आणि सात नंबर आयर्न (पातळ हेडचा क्लब; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब) यांची नोंद करून ठेवा. लांबी मोजताना क्लब खेळायला धरतो तसा जमिनीवर टेकवा, मोजपट्टी हीलच्या (चेंडूला लागणाऱ्या हेडच्या शाफ्टकडच्या बाजूच्या) मागे जमिनीला लावून शाफ्टला समांतर धरा आणि ग्रिपच्या टोपीच्या कडेपर्यंत वाचा. क्लब भिंतीला उभा टेकवून मोजलात तर आकडा चुकेल. लॉफ्ट (फेस, म्हणजे हेडची चेंडूला लागणारी बाजू, किती मागे कललेली आहे तो कोन) आणि लाय मोजायला यंत्र लागतं, ते फिटरकडूनच मोजून घ्या. सात नंबर आयर्न म्हणून विकल्या जाणाऱ्या क्लबांचा लॉफ्ट आज सुमारे २७ अंशांपासून ३४ अंशांपर्यंत काहीही असतो. त्यामुळे ‘नवा सात नंबर पंधरा यार्ड लांब जातो’ यात बऱ्याचदा नवल काहीच नसतं. तो जुन्या मापाने सहा किंवा पाच नंबरच असतो.

शाफ्टवर छापलेलं वजनही लिहून घ्या. ते बहुतेक वेळा न कापलेल्या शाफ्टचं असतं. क्लबमध्ये बसवलेला शाफ्ट त्याहून थोडा हलका भरतो.

शेवटी आपली चूक नेमक्या शब्दांत लिहा. ‘स्लाइस होतो’ (चेंडू उजवीकडे वळतो) एवढ्याने भागत नाही. चेंडू डावीकडून निघून उजवीकडे वळतो की उजवीकडूनच निघतो? फटका हीलकडे बसतो की टोच्या, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकाच्या, बाजूला? फिटर हेच विचारणार आहे.

तपासा: दोन क्लबांची लांबी, शाफ्टचं नाव व वजन, ग्रिपची जाडी आणि नेहमीची चूक कागदावर आली का? मग पुढे चला.

२. त्या दिवसाची तयारी

खेळताना वापरता तोच चेंडू आणि तेच शूज न्या. सरावाचे चेंडू स्पिन (चेंडूचं स्वतःभोवती फिरणं) आणि उंची दोन्ही बदलतात. त्यांच्यावर निवडलेला लॉफ्ट मैदानावर चुकीचा ठरू शकतो. रडारवर चालणारं यंत्र बंद जागेत असेल तर स्पिन नीट मोजला जावा म्हणून चेंडूवर धातूचा छोटा ठिपका चिकटवायला सांगतात. तो आळस न करता लावा.

पंधरा-वीस मिनिटं अंग मोकळं करा आणि मगच मोजणी सुरू करा. थंड अंगाने मारलेले पहिले दहा फटके धरले तर जरुरीपेक्षा मऊ शाफ्ट गळ्यात पडतो. थकल्यावरही तेच होतं. साठ-सत्तर पूर्ण ताकदीच्या फटक्यांनंतर बहुतेकांचा वेग उतरतो, म्हणून आयर्न आणि ड्रायव्हर वेगवेगळ्या दिवशी केलेले बरे.

प्रशिक्षकाबरोबर स्विंग मुळापासून बदलायचं काम चालू असेल तर फिटिंग पुढे ढकला. फक्त लांबी, ग्रिप यांसारखी ढोबळ मापं घेऊन थांबा.

इशारा: यंत्रासमोर उभं राहिलं की प्रत्येक जण जोरात मारतो. पहिला क्लब जोरात आणि चौथा नेहमीसारखा मारलात तर तुलनेला अर्थ उरत नाही. मैदानावर ज्या वेगाने मारता त्याच वेगाने मारा.

३. स्वतःच्या क्लबने पाया घाला

आपल्या सात नंबरने आणि ड्रायव्हरने आठ-आठ, दहा-दहा चेंडू मारा. चेंडूचा वेग, लाँच अँगल (चेंडू निघतानाचा कोन), स्पिन, कॅरी (चेंडू पहिल्यांदा जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर), चेंडू उतरतानाचा कोन आणि फटका फेसवर कुठे बसला, एवढं नोंदवा. फटक्याची जागा पाहायला फेसवर पावडरचा स्प्रे मारतात. पण स्प्रे मारलेल्या फेसचे स्पिनचे आकडे कोरड्या फेसच्या आकड्यांशी ताडून पाहू नका. स्प्रेमुळे घर्षण बदलतं. जागा पाहायची ती वेगळ्या चार फटक्यांत पाहा, मग फेस पुसून आकडे घ्या.

इथेच एक नियम ठरवून टाका: कोणते फटके धरायचे नाहीत? पूर्ण फसलेला फटका वगळायला हरकत नाही, पण मग प्रत्येक क्लबला तोच नियम लावा. आवडत्या क्लबचे वाईट फटके पुसायचे आणि नावडत्याचे ठेवायचे, हा प्रकार नकळत होतो.

समजा, एका ड्रायव्हरची कॅरी २३१, २१४, २३६, २०९, २२९ यार्ड आली आणि दुसऱ्याची २२२, २१९, २२५, २२१, २१८. पहिल्याची सरासरी जवळजवळ तीन यार्डांनी जास्त आहे. दुकानात पहिलाच विकला जातो, कारण २३६ हा आकडा डोक्यात बसतो. पण पहिल्याचा सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड चेंडू यांत २७ यार्डांचा फरक आहे, दुसऱ्याच्या बाबतीत सात. मी डोळे मिटून दुसरा घेईन. पुढे प्रत्येक पायरीवर हाच पसारा बघायचा आहे.

४. ग्रिप आणि लांबी

ग्रिप लोक शेवटी, रंग बघून निवडतात. ती आधी ठरवायला हवी, कारण तिच्या वजनाने स्विंगवेट (क्लब फिरवताना हेडकडचा भाग किती जड वाटतो त्याचं माप) बदलतं. वरच्या हाताने क्लब धरल्यावर मधलं आणि अनामिका ही दोन बोटं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटं तळहातात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, बोटं आणि मांसल भाग यांच्यात फट राहत असेल तर जाड आहे. थोडासाच फरक असेल तर ग्रिपखाली टेपचे एक-दोन जादा वेढे घेऊन भागतं.

लांबीची सुरुवात मनगटापासून जमिनीपर्यंतच्या अंतराने होते: शूज घालून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपासून सरळ खाली. नुसती उंची पुरत नाही. सारख्या उंचीच्या दोघांचे हात चार बोटं कमीजास्त असू शकतात. पण हे उभ्या-उभ्या घेतलेलं माप आहे. खरा निकाल फेसवरच्या खुणा देतात. पाच-सहा फटक्यांच्या खुणा मध्यभागी गोळा होतात ती लांबी बरोबर.

ड्रायव्हरच्या बाबतीत मोह जास्त. दुकानातले ड्रायव्हर साधारण ४५ ते ४५.७५ इंच असतात, आणि लांब शाफ्टने वेग वाढतो हे खरंही आहे. पण फटका मध्यापासून सरकला की वाढलेला वेग वाया जातो. अर्धा इंच कमी करून एकदा मारून पाहा. अनेकांचा सरासरी चेंडूवेग आखूड ड्रायव्हरने कमी होत नाही. नियमाने पटर (होलकडे चेंडू ढकलायचा क्लब) सोडून कोणत्याही क्लबची लांबी ४८ इंचांपर्यंत चालते. मात्र २०२२ पासून वरच्या दर्जाच्या स्पर्धांना स्थानिक नियम करून ४६ इंचांची मर्यादा घालण्याची मुभा आहे.

इशारा: क्लब अर्धा इंच आखूड केला की स्विंगवेट सुमारे तीन अंकांनी उतरतं, म्हणजे डी-२ चं सी-९ होतं (सी-९ च्या पुढचा अंक डी-०). ते परत आणायला हेडमध्ये सहा ग्रॅमच्या आसपास भर घालावी लागते, कारण हेडमधले दोन ग्रॅम म्हणजे एक अंक. जाड ग्रिपमध्ये चार-पाच ग्रॅम वाढले की एक अंक आणखी उतरतो. लांबी बदलून भरपाई न करता ‘क्लब हलका वाटतो, शाफ्ट बदला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

५. हेड आणि लॉफ्ट

चेंडू किती उंच जाईल, किती फिरेल आणि फटका चुकल्यावर किती सांभाळून घेतला जाईल, यात हेडचा वाटा शाफ्टपेक्षा मोठा आहे. म्हणून हेड आधी. आयर्नमध्ये मी एकाच आकड्यावर अडून बसेन: उतरतानाचा कोन. सात नंबरचा चेंडू ४५ अंशांपेक्षा बराच उथळ कोनात उतरत असेल तर तो ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) थांबणार नाही, कॅरी कितीही असो. लॉफ्ट कमी करून लांबवलेल्या आयर्नमध्ये, विशेषतः कमी वेगाच्या खेळाडूंना, हाच त्रास होतो.

ड्रायव्हरच्या होझलमधली (हेडमध्ये शाफ्ट बसतो त्या नळीतली) लॉफ्ट बदलणारी फिरती स्लीव्ह वापरताना एक गोष्ट विसरली जाते. बहुतेक मॉडेलमध्ये लॉफ्ट वाढवला की फेस थोडा डावीकडे बंद होतो आणि कमी केला की उघडतो. उजवीकडे चेंडू घालवणाऱ्याने उंची कमी व्हावी म्हणून लॉफ्ट उतरवला तर त्याची मूळ चूक वाढू शकते. स्लीव्ह फिरवायची ती फेरीच्या आधी. फेरी चालू असताना फिरवलेली स्लीव्ह पूर्ववत न करता त्या क्लबने फटका मारला तर नियम ४.१ प्रमाणे खेळाडू बाद होतो.

६. शाफ्टचं वजन

शाफ्टच्या सगळ्या गुणांत खेळाडूला सगळ्यात लवकर जाणवतं ते वजन, आणि सगळ्यात कमी चर्चाही त्याचीच. ड्रायव्हरचे ग्रॅफाइट शाफ्ट साधारण ४० ते ८० ग्रॅमचे असतात. आयर्नचे स्टील शाफ्ट ९० ते १३० ग्रॅमच्या दरम्यान, आणि ग्रॅफाइटचे त्याहून हलकेही मिळतात. एवढ्या मोठ्या पट्ट्यात आपण कुठे बसतो हे न बघता अक्षरावर जाणं म्हणजे चपलेचा नंबर न बघता रंग ठरवणं.

चाचणी अशी करा. हेड, लांबी, ग्रिप तेच ठेवा. शक्यतो एकाच मालिकेतले, एकाच फ्लेक्सचे (ताठपणाचे) पण वेगळ्या वजनाचे तीन शाफ्ट घ्या, ड्रायव्हरला सुमारे दहा-दहा ग्रॅमच्या फरकाने. प्रत्येकाने पाच चेंडू मारा, मग फेरा पुन्हा पहिल्यापासून. एकाच शाफ्टने सलग पंधरा मारू नका. शरीर त्याच्याशी जुळवून घेतं आणि शेवटचा शाफ्ट उगाच चांगला दिसतो.

पाहायचं काय? वेग, फटक्याची जागा आणि पसारा, तिन्ही एकत्र. हलक्या शाफ्टने वेग वाढला पण खुणा फेसभर पसरल्या तर तो फार हलका. जड शाफ्टने खुणा एकत्र आल्या पण दुसऱ्या फेऱ्यात वेग घसरला तर तो फार जड. मध्ये कुठेतरी वेगही टिकतो आणि खुणाही जवळ येतात, तेच तुमचं वजन. मनगट किंवा कोपर दुखत असेल तर स्टील सोडून ग्रॅफाइट घेण्यात कमीपणा नाही.

तपासा: आयर्न, हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब), फेअरवे वूड (ड्रायव्हरहून आखूड लांब फटक्यांचा क्लब), ड्रायव्हर या क्रमाने शाफ्टचं वजन टप्प्याटप्प्याने उतरतंय का? आयर्नमध्ये १२० ग्रॅम आणि हायब्रिडमध्ये ६० अशी दरी असेल तर पूर्ण संचातला तो हायब्रिडच अनोळखी वाटत राहतो.

७. आता फ्लेक्स, टॉर्क आणि बेंड पॉइंट

एल, ए, आर, एस, एक्स ही (मऊपासून ताठपर्यंतची) अक्षरं सगळ्या कंपन्यांना बांधणारी नाहीत. त्यांच्यामागे एकच ठरलेलं माप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ असू शकतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही तफावत सापडते. वर्कशॉपमध्ये शाफ्टचं ग्रिपकडचं टोक घट्ट पकडून दुसरं टोक ओढून सोडतात आणि तो मिनिटाला किती वेळा हेलकावतो ते मोजतात. दोन क्लब ताडून पाहायला हा आकडा अक्षरापेक्षा भरवशाचा, पण त्याच यंत्रावर, त्याच लांबीला मोजलेला असेल तरच.

ढोबळ सुरुवात म्हणून ड्रायव्हरचा वेग घ्या: ताशी ७५ ते ९० मैलांच्या आसपास आर, ९५ ते १०५ ला एस, त्यावर एक्स, आणि ७५ च्या खाली ए किंवा एल. पण सारख्या वेगाच्या दोघांपैकी एक जण वरून खाली येताना क्लब झटक्यात खेचतो, दुसरा सावकाश वेग वाढवत आणतो. झटका देणाऱ्याला ताठ शाफ्ट मानवतो, सावकाश स्विंगवाल्याला एक पायरी मऊ चालतो.

शाफ्ट करतो काय, याबद्दल गैरसमज पक्का आहे. मागे वाकलेला शाफ्ट चाबकासारखा सुटून चेंडू लांब फेकतो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात हेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेत नसतो, तो बाजूला आणि मागे असतो. स्विंग वेगात असताना हेड बाहेरच्या दिशेने ओढलं जातं आणि तो गुरुत्वमध्य हातांच्या रेषेत यायला बघतो. त्यामुळे चेंडूला लागण्याच्या क्षणी शाफ्ट पुढच्या बाजूला वाकलेला असतो आणि टो थोडा खाली झुकलेला असतो. पुढे वाकला म्हणजे लॉफ्ट थोडा वाढला. मऊ शाफ्टने चेंडू उंच जातो तो मुख्यतः यामुळे. अंतराची जादू त्यात नाही.

टॉर्क म्हणजे ठराविक पीळ दिल्यावर शाफ्टचं टोक किती अंश फिरतं. ग्रॅफाइट शाफ्ट कार्बनच्या पातळ थरांचा बनतो. लांबीच्या दिशेने जाणारे धागे वाकण्याला अडवतात, तिरपे धागे पिळण्याला. हलक्या शाफ्टमध्ये टॉर्कही कमी हवा तर जास्त ताठ धागा वापरावा लागतो, आणि किंमत तिथे चढते. दोन कंपन्यांचे टॉर्कचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका, मोजण्याच्या पद्धती सारख्या नसतात. बेंड पॉइंटचंही (शाफ्ट सर्वांत जास्त वाकतो त्या जागेचंही) तसंच: खालच्या बाजूला वाकणारा शाफ्ट चेंडू उंच उडवतो, पण हा फरक बहुतेकांच्या बाबतीत लहान असतो. उंचीची तक्रार मोठी असेल तर लॉफ्टकडे परत जा.

या पायरीला माझा एकच हट्ट: लेबलवर टेप चिकटवा. कोणता शाफ्ट हातात आहे हे फिटरला माहीत असू दे, तुम्हाला नको. एस लिहिलेला पाहिला की माणूस जोर लावतो, ए दिसला की नाक मुरडतो. तीन शाफ्ट, पाच-पाच चेंडू, दोन फेरे. मग टेप काढा. निकाल पटला नाही तरी कागदावरचा पसारा बघूनच ठरवा.

इशारा: शाफ्ट टिपकडून (हेडमध्ये बसणाऱ्या टोकाकडून) कापला की तो ताठ वागतो, ग्रिपकडून कापला तर मुख्यतः लांबी बदलते. टिप निमुळती असलेले शाफ्ट फक्त ग्रिपकडूनच कापायचे. टिपचा व्यासही जुळायला हवा: ड्रायव्हरला सहसा ०.३३५ इंच, आयर्नला ०.३५५ निमुळता किंवा ०.३७० सरळ. ऑनलाइन स्वस्तात शाफ्ट घेणारे इथेच फसतात.

८. लाय, आणि ती आत्ताच

लांबी, वजन किंवा शाफ्ट बदलला की टो झुकण्याचं प्रमाण बदलतं. म्हणून लाय आधी ठरवलीत तर ती पुन्हा ठरवावी लागते.

चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा आणि ती रेघ बरोबर फेससमोर येईल असा चेंडू ठेवा. सात नंबरने मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. क्लब डोळ्यांसमोर धरा, फेसवरच्या आडव्या खाचा जमिनीला समांतर ठेवून बघा. ठसा खाचांना काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला कललं असेल तर क्लब जास्त उभा आहे, हीलकडे कललं असेल तर जास्त आडवा. एका ठशावर विसंबू नका. चार-पाच ठसे सारखे कलले तरच क्लब वाकवायचा. सोलला (हेडच्या तळाला) टेप लावून पाटीवर मारायची पद्धतही चालते, पण पाटीवर अनेकांचा स्विंग बिचकतो. मला रेघच बरी वाटते.

उभ्या क्लबने चेंडू डावीकडे जातो, आडव्याने उजवीकडे. किती, ते लॉफ्टवर ठरतं. लाय एक अंशाने चुकली तर ५६ अंशांच्या वेजचा (जास्त लॉफ्टच्या, जवळच्या फटक्यांच्या क्लबचा) फेस सुमारे दीड अंश भलतीकडे बघतो, ३४ अंशांच्या आयर्नचा सुमारे दोन-तृतीयांश अंश, आणि १० अंशांच्या ड्रायव्हरचा एक-पंचमांशही नाही. ड्रायव्हरच्या लायची चिंता करणारे वेजची लाय कधीच तपासत नाहीत, याची मला गंमत वाटते.

फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न एक-दोन अंश सहज वाकतात. कास्ट (साच्यात ओतलेल्या) आयर्नचा धातू कडक असेल तर आधी विचारा. वेजचा लॉफ्ट वाकवणार असाल तर लक्षात ठेवा, लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही (सोलचा जमिनीशी होणारा कोन) एक अंशाने कमी होतो.

९. ऑर्डर लिहिताना

फिटिंगच्या पत्रकावर हेड, लॉफ्ट, लाय, शाफ्टचं पूर्ण नाव आणि वजन, टिप किती कापायची, तयार क्लबची लांबी, ग्रिप, टेपचे वेढे आणि स्विंगवेट एवढं हवं. ‘स्टँडर्ड’ हा शब्द कुठेही राहू देऊ नका, प्रत्येक कंपनीचं स्टँडर्ड वेगळं. चाचणीच्या क्लबमध्ये शाफ्ट चटकन बदलता यावा म्हणून बसवलेल्या अ‍ॅडॅप्टरचं वजन असतं. तयार क्लबमध्ये ते नसेल तर स्विंगवेट जुळवून द्यायला सांगा. फरक किती चालेल हेही लिहून घ्या. मी लांबीला एक-अष्टमांश इंच आणि लॉफ्ट-लायला अर्धा अंश धरतो.

घरी शाफ्ट बदलणार असाल तर स्टील गरम करून पिळून काढता येतो, ग्रॅफाइट नाही. पीळ दिला किंवा उष्णता जास्त झाली की त्याचे थर सुटतात. त्याला सरळ ओढणारं पुलर लागतं. इपॉक्सी लावल्यावर किमान पूर्ण दिवस क्लबला हात लावू नका.

१०. क्लब हातात आल्यावर

बहुतेक जण इथे कव्हर फाडून थेट टीवर (पहिला फटका मारायच्या जागेवर) जातात. आधी पत्रक काढा आणि प्रत्येक आयर्नचा लॉफ्ट व लाय मोजून घ्या. सातपैकी शेजारचे दोन आयर्न एकेक अंशाने एकमेकांकडे सरकले तर त्यांच्यातलं दहा-बारा यार्डांचं अंतर निम्म्यावर येतं, आणि दोष तुमच्या स्विंगला लागतो.

मग तिसऱ्या पायरीवरचीच चाचणी, त्याच चेंडूने, जुना आणि नवा क्लब आलटून पालटून. पसारा कमी झाला नसेल तर पहिल्याच आठवड्यात पत्रक घेऊन फिटरकडे परत जा. क्लब अंगवळणी पडले की नेमकी तक्रार सांगता येत नाही. फोर्ज्ड आयर्न रोज मॅटवर मारत असाल तर लॉफ्ट आणि लाय वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि ग्रिप बदलताना जुन्या ग्रिपचं वजन विचारल्याशिवाय नवी बसवू नका.